बारा टनांचा पूल

सर्व नागरिकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, नव्वदच्या दशकात तीन दिवस देशाची सुरक्षा माझ्या ब्रीफकेसमध्ये होती. ब्रीफकेसचं कुलूप लागत नव्हतं, हे तेव्हा कळवलं नव्हतं.

मी इंजिनिअर्समध्ये मेजर. पोस्टिंग दिल्ली, क्वार्टर आर. के. पुरमला. दिल्लीतल्याच द्वारकेत सोसायट्यांचे सांगाडे उभे राहत होते, आणि शेजारी देशाशी बस सुरू करायचं घाटत होतं. मार्ग आणि गाडी ठरवायला त्यांचं पथक आलं. सीमेकडच्या पुलांच्या फायली माझ्याकडे, म्हणून बैठकीला मी.

ब्रिगेडियरसाहेबांची ऑर्डर स्पष्ट होती. "टाइमटेबल, थांबे, संडास, सगळं बोला. पुलावरून किती टन जातं, ते नाही." जिथून बस जाते, तिथून रणगाडाही जातो.

समोरच्यांनाही तीच ऑर्डर असावी. दोन दिवसांत फक्त संडासांवर एकमत झालं. त्यांचे प्रमुख, एक निवृत्त कर्नल, करोल बागेत जुन्या गाडीसाठी बेअरिंग घ्यायला गेले. मागावरच्या आमच्या माणसाने त्या बेअरिंगवर तीन पानांचा रिपोर्ट दिला.

तिसरा दिवस, सकाळी अकरा. कर्नलनी नव्या एसी बसचा फोटो टेबलावर ठेवला. सामानासह सोळा टन.

"आपके पुलों को दिक्कत तो नहीं?"

एका पुलाला होती. लोखंडी बेली पूल, सुटे भाग बोल्टांनी जोडून उभा केलेला. आदल्या वर्षी जादा भरलेल्या ट्रकखाली तो खचला होता. दुरुस्तीनंतर मीच फाइलीत लिहिलं होतं: कमाल बारा टन. सांगावं तर ऑर्डर मोडते. न सांगावं तर चाळीस प्रवासी त्यावर चढणार.

मी साहेबांकडे चिठ्ठी सरकवली: पूल बारा टनांचा. उत्तर आलं: नंतर मजबूत करू. मी खाली लिहिलं: कधी? ती चिठ्ठी साहेबांच्या खिशात गेली.

"स्टडी करके बताएँगे," मी म्हणालो.

कर्नल हसले. "यानी पुल टैंक वाला है. अच्छा. फिर बड़ी बस ही लिखिए."

माझ्यामागे नकाशे धरून सुभेदार माने उभे होते. बैठकीत बोलायची त्यांना परवानगी नव्हती.

शेवटी छोटी बस मंजूर झाली. मिनिट्समध्ये कारण आहे 'परस्पर सामंजस्य'. नायक बाळू शिंदेचं नाव त्यात नाही. वय सत्तावीस, माने यांच्याच प्लाटूनचा. बोल्ट आधी बोटांनी चाचपायचा, पाना नंतर लावायचा. तो ट्रक वर आला तेव्हा पुलाखाली तेच करत होता.

त्या दिवशी कर्नलच्या बोलण्यावर साहेबांनी पेनाचं टोपण काढलं होतं, मोठ्या बसवर सही करायला. तेवढ्यात मागून माने बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"जनाब, छोटी बस लाइए. उस पुल के नीचे से मैंने अपना लड़का निकाला है."