गेटवर अडवलेली गाडी
मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा वास आला की सणसवाडीतलं आमच्या कंपनीचं गेट आठवतं. आमच्या युनियनचे पुढारी आप्पा आमदार झाले होते आणि नव्या शेडच्या उद्घाटनाला मालकाच्या गाडीतून आले होते. प्रेस मशीनमध्ये बोटं गेलेल्या आमच्या सोबत्याला कंपनीनं काढून टाकलं होतं, म्हणून आम्ही गाडी अडवली. सोबती म्हणाला, "आप्पा, तुमच्या संपात म्या मार खाल्लाय. आता माझ्यासाठी मालकाला दोन शब्द बोला की!" आप्पांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बंदोबस्ताला आलेल्या फौजदाराला म्हणाले, "ही बाहेरची माणसं हायेत, हटवा." पोलिसांनी सोबत्याला कॉलर धरून ओढलं आणि गाडी आत गेली. तो आता वरवंडला एका गोदामावर वॉचमन आहे. आप्पा अजूनही भाषणाला 'माझ्या कामगार बांधवांनो' म्हणून सुरुवात करतात, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड होतो.