तलावाचं पाणी उलटलं तेव्हा

माझी बायको गळ टाकायला माझ्याकडून शिकली, पण तलावाचं पाणी ओळखायला ती आपली आपणच शिकली. हे मी कुणालाही छाती पुढं काढून सांगतो.

शिरोलीत माझं लेथ मशीनचं छोटं वर्कशॉप आहे. आठवडाभर लोखंडाचा खडखडाट ऐकल्यावर रविवारी राधानगरी रस्त्यावरच्या एका तलावावर गळ टाकून बसल्याशिवाय मला चैन पडत नसे. मुलगी लग्न होऊन हुपरीला गेली, घर सुनं झालं, तशी ही एक दिवस म्हणाली, "मी बी येते. बघू तरी, काय एवढं ठेवलंय तिथं." पहिले काही रविवार ती नुसती बघत बसली. मग शेंगदाण्याच्या पेंडीत कणीक मळून तिनं स्वतः गोळ्या केल्या, आणि त्या दिवशी माझ्याआधी तिच्या गळाला रोहू लागला. तेव्हापासून आमच्या स्कूटरवर दोन काठ्या असतात.

ताक गार राहावं म्हणून ती स्टीलची बाटली दोरीला बांधून बांधाजवळच्या खोल पाण्यात सोडायची. उन्हाळ्यात, अगदी दिवाळीतसुद्धा, वरचं पाणी कोमट असलं तरी बाटली माठात ठेवल्यासारखी गार होऊन वर यायची. "अवो, खाली येगळंच पाणी हाय," ती म्हणायची. "वरचं तिथवर पोचतच न्हाई." माझं लक्ष गळाकडं असायचं. मी नुसता हं म्हणायचो.

त्या वर्षी थंडी एकाएकी पडली, त्यात वाराही सुटला. रविवारी आम्ही पोचलो तर तलावावर ही गर्दी! पाणी काळपट झालेलं, कुजलेल्या चिखलाचा वास सुटलेला. बांधाकडेला मेलेल्या माशांची पांढरी पोटं तरंगत होती आणि जिवंत होते ते पाण्याबाहेर तोंड काढून आ वासत होते. तलावात मासे सोडून जाळं लावणाऱ्या माणसाला गावकऱ्यांनी घेरलं होतं. एका गड्यानं त्याची कॉलर धरली होती.

"औषध टाकलंस न्हवं? आमची जनावरं ह्याच पाण्यावर हायत!"

"मीच वाढवलेलं मासं मी कशाला मारू, दादा?" जाळंवाला कळवळून म्हणाला.

मी हिला म्हणालो, "चल, आपण परक्या गावचे." पण ती बाटली घेऊन बांधावर गेली, ती पाण्यात सोडली आणि थोड्या वेळानं वर ओढली. मग बाटलीला हात लावला, वरच्या पाण्यातही हात बुडवला आणि मोठ्यानं म्हणाली, "कॉलर सोडा त्येची. आधी हिकडं या."

"पावणं, तुम्ही यात पडू नगा," कुणीतरी म्हणालं.

"पडणार. ही बाटली बघा. दिवाळीत वरच्या पाण्यापरीस किती गार निघायची, आन् आज दोन्ही पाणी सारखंच. थंडीनं वरचं पाणी गार झालं, जड होऊन खाली गेलं. तळात सडलेलं वर आलं. तलाव उलटलाय. माशांना श्वास घ्यायला मिळंना, म्हणून तोंड वर काढत्यात."

एक म्हातारे आजोबा पुढं आले. त्यांनीही दोन्हीकडं हात लावला. "असा वास मागं बी एकदा सुटलावता," ते हळूच म्हणाले. "असल्याच थंडीत."

"मग औषध न्हाईच कशावरनं?" कॉलर धरणारा गडी ऐकेना.

"तपासून घ्या की. तवर जनावरांना दुसरीकडं पाणी पाजा. पण तपासायच्या आधी माणसाला मारू नगा." एवढं बोलून ती दुसऱ्या टोकाला निघाली. तिथं ओढ्याचं पाणी दगडांवरून खळाळत तलावात येतं. सगळे मागोमाग. ओढ्याच्या तोंडाशी पाणी नितळ होतं आणि मासे दाटीवाटीनं जमले होते. "खळाळत्या पाण्यात श्वास मिळतोय त्यांना," ती म्हणाली. तिनं गोळी लावून गळ टाकला. बांधाकडं त्या दिवशी कुणाच्या गळाला काही शिवलं नसतं. इथं बघता बघता काठी वाकली. तिनं चांगला हातभर रोहू बाहेर काढला, सगळ्यांना दाखवला आणि परत पाण्यात सोडून दिला.

त्या गड्यानं कॉलर सोडली होती. माझ्या लक्षात आलं ते तेव्हा.

पाण्याची तपासणी झाली. औषधाचा मागमूस निघाला नाही. थोड्याच दिवसांत वास गेला, पाण्याला पुन्हा हिरवट झाक आली आणि बांधाकडंही गळ हलू लागले. जाळंवाल्याचं बरंच नुकसान झालं, पण गावात त्याची मान खाली गेली नाही.

आता थंडी पडली की तो हिला फोन करतो. "वहिनी, जाळं कुठं लावू?" ही स्वयंपाक करता करता त्याला ओढ्याचं तोंड सांगते आणि वर दटावते, "आधी पाण्यात हात घालून बघा, मग मला इचारा." गेल्या हिवाळ्यात बांधावर एका नवख्यानं मला विचारलं, "पाणी उलटलेलं ओळखत्यात त्या बाई तुमच्या कोण?"

"आमची मंडळी हाय की!" मी म्हणालो. जरा मोठ्यानंच म्हणालो.