उपास धरलेली मासोळी

आमच्या घरात मासोळ्या आल्या त्या यांच्या मांडीवर बसून. हे मासोळीच्या सरकारी खात्यात होते. तलावाच्या कामावरून परतताना गोडेतेलाच्या रिकाम्या डब्यात चार मासोळ्या घालून यांनी एसटीत तो डबा मांडीवर धरला आणि संग्रामपूरपासून पुढे पायी, पाणी हिंदकळू न देता, सातपुड्याच्या पायथ्याच्या आमच्या गावापर्यंत आणला.

"आफ्रिकेतल्या हायेत," यांनी दारातूनच सांगितलं. "तिलापिया म्हणतात."

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, बाजारासाठी भेंड्या निवडत बसल्या होत्या. त्यांनी डब्यात डोकावून पाहिलं. "आफ्रिकेहून इथपर्यंत आल्या? आन् तुले बाजारातून गूळ आनायची याद राह्यत नाही."

घर माळकरी. अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत यायचं नाही. "खायले नाही आनल्या, पाहायले आनल्या," असं हे दहा वेळा म्हणाले, तेव्हा कुठे त्या गप्प झाल्या. लोहाराकडून लोखंडी चौकट झाली, खामगावहून काचा आल्या. एका कोपऱ्यातून पाणी पाझरायचं, तिथं यांनी डांबर फासलं. पेटी ठेवायला भक्कम जागा एकच, माजघरातला दगडी ओटा, देवघराला लागून. तळाशी नदीची वाळू, एका कोपऱ्यात कौलाचा तुकडा. झालं काचघर.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा फार वर्षं लोटली नव्हती. गावात नवं हायस्कूल उघडलं होतं आणि त्यांना शिक्षक मिळत नव्हते. मी खामगावला बी.ए. केलेलं. माझ्या माहेरी आणि सासरी मिळून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि गावात तर तोवर कोणत्याच बाईनं बी.ए. केलं नव्हतं. हे सांगताना मी मान खाली घालत नाही, तेव्हाही घालत नव्हते. हेडमास्तर स्वतः घरी येऊन गेले. "दिवाळीच्या सुट्टीनंतर या, बाई. सुट्टी संपायच्या आत काय ते कळवा," म्हणाले.

यांची हरकत नव्हती. पण घर आत्याबाईंचं. मामंजी गेल्यापासून मळा, मोट, बाजार सगळं त्यांनीच ओढलं होतं.

"तुम्ही बाजारात बसताच की," मी म्हणाले.

"तो आपला माल हाये. लोकाची लेकरं आपला माल हाये का?"

त्याच आठवड्यात यांना खात्यानं प्रशिक्षणासाठी पाठवलं, दिवाळीपर्यंत. जाताना मला म्हणाले, "रोज सकाळी तांब्याभर पाणी काढायचं, तेवढंच घालायचं. वरून धार धरायची, म्हंजे हवा मिळते. गुरांची ढेप बारीक करून चिमूटभर." बस, एवढंच सांगितलं.

यांची पाठ वळली आणि आत्याबाईंनी बोली घातली. "काय व, चाळीस लेकरं सांभाळीन म्हनतं ना? ह्या चार मासोळ्या सांभाळून दाखव. तो येईलोक एक बी मरू देऊ नको. माळेच्या घरात जीव गेला तं मी ऐकून घेनार नाही, पेटी बी भाईर आन् तुही शाळा बी."

"आन् चारी जगल्या तं?"

"जगल्या तं जाय."

मी लगेच हो म्हणाले. चार मासोळ्यांचं काय एवढं, असं मला वाटलं. गोंधळ तिथून सुरू झाला, आणि खरं सांगते, अजून पुरता संपलेला नाही.

आधी एक मासोळी काळी पडली. आली तेव्हा चौघी राखाडी, सारख्या. आठवडाभरात तिचं अंग तव्यासारखं काळं, हनुवटी पांढरी, पंखांच्या कडा लाल. मला वाटलं, कोपऱ्यातलं डांबर पाण्यात उतरलं. पण मग बाकीच्या तिघी राखाडीच कशा? शेजारच्या काकू रोज दूध घ्यायला यायच्या, त्या काचेला नाक लावून म्हणाल्या, "नजर लागली व."

"काकू, नजर लावायले तुमच्याशिवाय कोन येते इथं?" आत्याबाई आतून बोलल्या.

मग ती काळी वाळू उकरायला लागली. तोंडात वाळू भरायची, दूर नेऊन थुंकायची. दोन दिवसांत मधोमध वाटीएवढा खड्डा. मी तो हातानं सारखा केला, तिनं परत उकरला. मी परत सारखा केला. आणि त्या खड्ड्याजवळ ती बाकीच्यांना फिरकू देईना, मागं लागून पळवायची.

"खड्डा काऊन करून राह्यली?" आत्याबाईंनी मला विचारलं.

"मले नाही माईत."

"मंग बी.ए.त काय शिकवलं तुले?"

मी इतिहास शिकले होते आणि मराठी. पानिपतावर अर्धा तास बोलले असते. पण गावाचा समज असा की बी.ए. म्हणजे सगळं येतं. शेळी आटली तरी मला विचारत, मनीऑर्डर अडली तरी मला विचारत. माझाही अर्धा तसाच समज होता, त्यामुळे तो प्रश्न जास्त झोंबला.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी खरी भीती वाटली. राखाडीतली एक मासोळी कौलाच्या आड जाऊन बसली. ढेप टाकली, बाकीच्या झडपल्या, ही जागची हलली नाही. भाकरीचा चुरा टाकला, नाही. शिजलेला भात तिच्या तोंडासमोर सोडला, तो खाली गेला, हिनं पाहिलंसुद्धा नाही. गळ्याखाली सूज आल्यासारखं दिसत होतं, आणि तोंड बंद ठेवून सारखी काहीतरी चघळल्यासारखं करत होती. पोटात काही नाही, मग चघळते काय?

दुसऱ्या दिवशी घट बसले. पेटीला लागूनच परडी, तिच्यात माती, गहू, वर मातीचा घट, बाजूला अखंड दिवा. आत्याबाईंचा नऊ दिवसांचा उपास. संध्याकाळी त्या दिव्यात तेल घालायला वाकल्या आणि काचेत पाहत राहिल्या.

"हे खाऊन नाही राह्यली?"

"कालपासून नाही."

"उपास धरला असंन."

मला हसू आलं. त्यांना नाही आलं.

"हासतं कायले? देवाजवळ बसली, घट बसला, तिनं तोंड मिटलं. आता तिले कोनी खाय खाय करू नका. उपासवालीच्या तोंडापुढं घास नेऊ नये."

म्हणजे त्यांच्या लेखी ती उपाशी, माझ्या लेखी आजारी. मला एवढंच कळत होतं की ती मेली तर माझी शाळा गेली. उपासानं मेली काय आणि सुजेनं मेली काय, बोलीत फरक नव्हता.

मी मनाशी ठरवलं की तिला वेगळी काढायची. विहिरीत टाकायची जांभळी दवा घरात होती. बादलीत पाणी, त्यात दोन दाणे दवा, त्यात तिला ठेवायची, तोंड उघडून गळा पाहायचा. हे मी आत्याबाईंना सांगितलं, सरळच सांगितलं.

"घट उठल्यावर," त्या म्हणाल्या. "बसलेल्याले हालवू नये." आमच्या घरात ती रीतच होती. घट बसले की त्या भिंतीलगतचं काही जागचं हलवायचं नाही, धान्याची कोठीसुद्धा नाही. "धार धर, पानी बदल. पन तिले उचलू नको."

"आन् तवरलोक मेली तं? बोली कोनाची जाईन, माही का तुमची?"

"तुही."

"वा! हालवू बी द्यायचं नाही आन् मेली तं माही?"

"सासू कोन हाये, तू का मी?" म्हणाल्या आणि साबुदाणा भिजवायला उठल्या.

शुक्रवारी त्या टोपल्या घेऊन बाजाराला गेल्या. घरात मी एकटी. बादली भरली, दवा घातली, पिठाची चाळणी घेतली आणि पेटीपुढं उभी राहिले. मासोळी कौलाच्या आड. आता ती बारीक झालेली दिसत होती, डोकं मोठं आणि अंग निमुळतं. हात पाण्यात घातला. चाळणी तिच्याखाली नेली. तिनं पळायला हवं होतं, ती पळाली नाही. शेजारी दिवा जळत होता, परडीत गव्हाचे पिवळे कोंब वर आले होते.

मी हात बाहेर काढला.

का काढला, ते मला तेव्हा कळलं नाही. बी.ए. झालेली बाई घटाला भ्याली, असं कोणी म्हणेल तर म्हणो, पण मला तशी भीती वाटल्याचं आठवत नाही. सासूला भ्याले म्हणावं तर त्या कोसावर होत्या. मला वाटतं, ती पळाली नाही त्याचंच काहीतरी झालं. जांभळं पाणी अळूच्या वाफ्यात ओतलं आणि चाळणी घासून ठेवली. दिवसभर स्वतःवर चिडत राहिले.

दसरा झाला, घट उठले, आत्याबाईंनी उपास सोडला. मासोळीनं नाही सोडला.

"आता?" मी विचारलं.

त्याही गोंधळल्या. "कोजागिरीलोक धरला असंन," म्हणाल्या, पण आवाज पहिल्यासारखा नव्हता.

"आता तं काढू ना भाईर?"

"उद्या पाहू."

तो उद्या उजाडला आणि दुपारी मी धार धरत असताना तिच्या तोंडापुढं काळे ठिपके दिसले. डासांच्या अळ्यांसारखे, वळवळणारे, आणि ते तिच्या तोंडातून निघत होते. मी किंचाळले. आत्याबाई आल्या, मागून काकू आल्या.

"किडे पडले व माय!" काकू म्हणाल्या.

आत्याबाईंनी डोळे बारीक केले. "किड्याले डोळे असतात का? मासोळीची लेकरं हायेत ते." तेवढ्यात काकूंनी काचेवर बोट आपटलं. मासोळीनं जबडा उघडला आणि ते सगळे ठिपके एका दमात आत गेले. तोंड बंद.

"खाल्ले!" आम्ही तिघी एकदमच म्हणालो.

"सोताची लेकरं खाल्ली," काकू म्हणाल्या. "नऊ दिवस उपास केला आन् हे पारनं!"

आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. काकू हे गावभर सांगायला निघाल्या, आणि त्या अंगणातून बाहेर पडतात न पडतात तोच मासोळीनं तोंड उघडलं. ठिपके परत बाहेर, एकेक करून, जिवंत. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो.

पुढच्या दिवसांत ती लेकरं जरा लांब फिरू लागली आणि काळीनं त्यातली खायला सुरुवात केली. बाकीच्या दोघीही खायच्या. रोज कमी दिसायची.

"मेली की नाही?" आत्याबाई म्हणाल्या. "बोली हारली तू."

"बोली चौघींची होती. चारी जित्त्या हायेत. मोजा."

"जीव तो जीव. माळेच्या घरात गेला."

"मंग जन्मले ते बी माह्या नावावर धरा. चाराचे किती झाले ते पाहा!"

हे घरी येईपर्यंत आमचं असंच चाललं. कोणी जिंकलं नाही. दिवाळीच्या दोन दिवस आधी हे आले, पेटीत पाहिलं आणि हसले. "अरे वा, पिल्लं झाली."

मग यांनी सांगितलं ते असं. काळा तो नर, विणीच्या दिवसांत असा काळा होतो. खड्डा म्हणजे त्याचं घरटं. मादी खड्ड्यात अंडी घालते आणि लगेच तोंडात उचलते, पिल्लं पोहती होईपर्यंत तोंडातच ठेवते. गळ्याची सूज म्हणजे अंडी. धोका दिसला की पिल्लं परत तोंडात घेते. उचलून बाहेर काढली असती तर घाबरून सगळी अंडी थुंकली असती.

"हे जाताना सांगतलं असतं तं?" मी म्हणाले.

"मलेच तिथं गेल्यावर समजलं व."

आत्याबाई भिंतीला टेकून ऐकत होत्या. "आन् खात काऊन नाही?"

"तोंडात लेकरं असतात ना, माय. घास घेतला तं लेकरं पोटात जातीन."

"कोनी आयता घास देल्ला तरी?"

"तरी नाही."

नऊ दिवसांच्या उपासाचा विषय आत्याबाईंनीही काढला नाही, मीही काढला नाही.

सुट्टी संपायला आली. हेडमास्तरांना काय कळवायचं, हे मला रोज विचारावंसं वाटायचं आणि बोली आडवी यायची, कारण मी जिंकले की हरले हे मलाच सांगता येत नव्हतं. एका सकाळी आत्याबाई वांग्यांची टोपली डोक्यावर घेताना थांबल्या.

"शाळा कवा सुटते?"

"पाचले."

"दिवसभर उपाशी राहशीन?"

"डबा नेईन."

"मंग जाय."

मी टोपलीला हात लावून तशीच उभी. "आन् बोली?"

"कोनती बोली?" म्हणाल्या आणि निघाल्या.

पहिल्या दिवशी मी उठले तेव्हा त्या बाजाराला गेलेल्या होत्या. चुलीजवळ फडक्यात बांधलेला डबा होता. वर्गात चाळीस नव्हती, बरीच जास्त होती. दुपारी डबा उघडला. दोन भाकरी, ठेचा, कांदा. मी एकच भाकरी खाते, हे त्यांना लग्नापासून माहीत होतं. शिक्षकांच्या खोलीत बाई मी एकटीच, सगळे गुरुजी बघत होते. मी दोन्ही खाल्ल्या.