बियाण्याच्या पोस्टरवरचा मामा

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. अकोल्यातली पहिली नोकरी मला हुशारीवर मिळाली नाही. मी माझ्या मामाचा शब्द विकला, म्हणून मिळाली.

कृषीची पदवी घेतली आणि एका बियाणे कंपनीत ट्रेनी म्हणून चिकटलो. हल्ली त्याला इंटर्नशिप म्हणतात. नाव बदललं, काम तेच: जवळजवळ फुकट राबायचं आणि साहेबांच्या नजरेत भरायचं. आम्ही तिघं होतो, ठेवणार होते एकालाच. त्यामुळे साहेबांचा विनोद पुरा व्हायच्या आधीच आम्ही हसायचो. साहेब पुण्याकडचे, म्हणून मी आठवड्याभरात 'मले-तुले' सोडून 'मला-तुला'वर आलो, घरी आईशी बोलतानासुद्धा. बुटाला चिखल लागू नये म्हणून धुऱ्यावरूनच, म्हणजे बांधावरूनच, पिकाची पाहणी करायचो. अशा माणसाला शेतीतलं काय कळत असेल? पण साहेबांना मी 'प्रेझेंटेबल' वाटायचो.

एकदा मीटिंगमध्ये ते म्हणाले, "पोस्टरसाठी एक शेतकरी हवाय. अकोट भागातला. लोक ज्याचं ऐकतात असा."

"माझा मामाच आहे, सर," मी म्हणालो. बाकीच्या दोघांची तोंडं उतरली. तेव्हा झालेला आनंद मला अजून आठवतो, आणि किळस येते.

मामाबद्दल मी सांगितलं ते खरं होतं. अकोटजवळच्या त्याच्या गावात पेरणीच्या आधी लोक त्याच्या ओट्यावर येऊन बसत. मामा स्वतःच्या वावरात लावून पाहिलेल्या बियाण्याबद्दलच सांगायचा. बाकीच्याबद्दल "मले मालूम नाई" म्हणून मोकळा व्हायचा. म्हणून तर तो "लावा" म्हणाला की लोक लावत.

कंपनीचा प्लॉट डांबरी रस्त्याला लागून होता. ठिबक, महागडी औषधं, दिमतीला माणसं. इतके लाड केल्यावर कपाशीची पऱ्हाटी बोंडांनी लदणारच. फोटोग्राफर घेऊन मी मामाला तिथे उभा केला.

"भाचेबुवा, मी हे बियानं कदी लावलंच नाई," मामा म्हणाला. "लोकं इचारतीन त काय सांगू?"

"कोण विचारतंय, मामा. फोटो तर आहे नुसता."

"लोकायच्या लेखी फोटो म्हंजे मीच बोललो ना, बाप्पा."

त्याला सगळं कळत होतं. मलाही कळत होतं. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो आणि भाच्याला नाही म्हणत नाही. त्याच भरवशावर तर मी साहेबांना परस्पर हो म्हणून बसलो होतो.

"मामा, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

मामानं टोपी सारखी केली आणि फांदी हातात धरून उभा राहिला.

पोस्टरवर त्याच्या फोटोखाली छापलं, 'मी लावलं, तुम्हीही लावा.' हे वाक्य मीच सुचवलं होतं. साहेबांनी पाठ थोपटली, म्हणाले, तू पुढे जाशील. गेलो ना. महिन्याभरात पक्का झालो.

पुढच्या हंगामात अर्ध्या गावानं तेच बियाणं पेरलं. मामानंही पेरलं. "आता फोटो निघाला, त मलेबी लावाच लागन," एवढंच म्हणाला. गावातली वावरं कोरडवाहू. पावसानं मध्येच दडी मारली, आणि ठिबकावर डोलणाऱ्या त्या वाणानं पाती-फुलं सगळी गाळून टाकली. धुऱ्यापलीकडची जुन्या वाणाची पऱ्हाटी तेवढी तग धरून राहिली.

त्या दिवाळीत मी मामाबरोबर पानठेल्यावर उभा होतो. एकजण पान चघळत म्हणाला, "काहो फोटोवाले, यंदा कोन्तं बियानं सांगून राहिले?"

बाकीचे हसले. मामानं माझ्याकडे नुसतं बोट दाखवलं असतं तरी सुटला असता. तो म्हणाला, "चुकलं बाप्पा मायं." मी खिशात गाडीची किल्ली शोधत राहिलो. ती माझ्या हातातच होती.

त्यानंतर पेरणीआधी त्याच्या ओट्यावर कोणी आलं नाही. अजूनही येत नाही.

आता अमरावतीच्या ऑफिसात इंटर्न मी निवडतो. दर वर्षी त्यांच्यासमोर 'पहिली छाप' या विषयावर भाषण ठोकतो. बूट पुसलेले असावेत, नजरेला नजर द्यावी, काम सांगायची वाट पाहू नये, असलं काहीबाही. पोरं माना डोलावतात. त्यात एखादा असा असतो की माझं वाक्य पुरं व्हायच्या आत "होईल, सर" म्हणतो. कशाच्या जोरावर होईल, कोणाला उभं करून होईल, मी विचारत नाही. त्याचा मला मनापासून तिटकारा येतो, आणि मी त्यालाच ठेवून घेतो.

मामा थकलाय, पण आहे. पुस्तकं तो वाचत नाही, त्यामुळे इथे लिहून माझं काही फिटत नाही. त्यानं ते बियाणं कधी लावलं नव्हतं आणि माझ्या नोकरीसाठी मी त्याला त्या प्लॉटात उभा केला, हे मला त्याच्या गावात, लोकांसमोर, त्याच्या देखत सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.