कणकेत मीठ

चैत्रातली दुपार. रामाचं नवरात्र चालू आहे. गोदूताई स्वयंपाकघराच्या गार फरशीवर चटई टाकून आडव्या झाल्या आहेत. पंखा फिरतो आहे, वारा मात्र दुसरीकडेच कुठेतरी जातो आहे. डोळा लागावा असं वाटतं आणि लागू नये असंही वाटतं, कारण उठल्यावर शालनवहिनींना उत्तर द्यायचं आहे.

गोष्ट एवढीच. संध्याकाळी देवळात कीर्तन आहे, पखवाजाच्या साथीचे बापट तापाने फणफणलेत, आणि खांबेटेबुवांनी पुजाऱ्यांच्या शालनवहिनींकरवी निरोप धाडला आहे: आज साथीला तुम्हीच बसा. बुवांना ठाऊक आहे. लग्न नवं होतं तेव्हा विसूभाऊंनी, म्हणजे गोदूताईंच्या यजमानांनी, हौसेने बायकोला पखवाज शिकवला होता. हात छान बसला होता. मग पोटातलं मूल गेलं. सासूबाई म्हणाल्या, पखवाजाची थाप पोटात बसते, बाईची घडण त्यासाठी नाही. विसूभाऊही तेच म्हणाले आणि विषय मिटला. पुढे मूल झालं नाही ते नाहीच. पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायची कणीक तेवढी गोदूताई भिजवून देत आल्या. कीर्तन मात्र एक चुकवलं नाही. बायकांच्या बाजूला बसायचं, आणि बुवा रंगात आले की पदराखाली मांडीवर बोटं चालायची. मागे ऑपरेशन होऊन गर्भाशयच काढून टाकलं. जे जपायचं तेच गेलं, तरी पखवाजावर थाप मारायला हात उचलत नाही.

पंख्याचा आवाज लांब जातो.

"अहो, हे काय करताय?"

"कणीक भिजवतोय. दिसत नाही?"

विसूभाऊ ओट्याशी उभे आहेत, सोवळं नेसून, कोपरापर्यंत पिठात. त्यांना जाऊन दोन पावसाळे झाले हे गोदूताईंना ठाऊक आहे, पण तसं तोंडावर विचारणं बरं दिसणार नाही.

"जन्मात कधी परातीला हात लावला नाहीत."

"तू दमलीस म्हणून."

हे ऐकून रडू यायला हवं. तेवढंही त्राण नाही. गोदूताई कणकेचा कण जिभेवर ठेवतात.

"मीठ घातलंत?"

"पोळीच्या कणकेत घालतेस ना?"

"पखवाजाला काय पोळी वाढायचीय? मिठाने चामडं ओल धरतं, आवाज बसतो. जन्मभर वाजवलात आणि एवढं ठाऊक नाही?"

"आयती मिळत होती," विसूभाऊ म्हणतात.

ओटा गार आहे, दगडी आहे. तो देवळातल्या सभामंडपाचा कट्टा आहे. गोदूताईंच्या पुढ्यात पखवाज आहे. बुवा उभे आहेत, वीणा गळ्यात, ओठ हलताहेत, पण शब्द ऐकू येत नाहीत. बायकांच्या बाजूला सतरंजी नाही. तिथे हिरव्या चादरींच्या खाटा आहेत, आणि एकीवर गुडघे पोटाशी घेऊन एक पोर निजली आहे. बाळंतिणींच्या वॉर्डातली, बाळ नसलेली. गोदूताई तिला लगेच ओळखतात. पाठीवरची वेणी त्यांचीच आहे.

"खरं सांगा," त्या म्हणतात. "तेव्हा ते वाजवण्यानंच गेलं?"

विसूभाऊ आपल्या पिठाळ हातांकडे बघत राहतात. "मला काय ठाऊक गं. आई म्हणाली, मी तुला म्हटलं."

"कुणाला विचारलं नाहीत?"

"कुणाला विचारायचं? बायकांचं ते."

"आणि मी इतकी वर्षं…"

"रागावलीस?"

"रागवायलाही अंगात जोर लागतो."

विसूभाऊ खाली बसतात आणि भिंत लिंपावी तशी कणीक पखवाजाला थापू लागतात.

"मधोमध," गोदूताई म्हणतात. "कडेला नको. जरा दाबून."

"अशी?"

"चालेल. मिठाची आहे, तरी चालेल."

"मग तू बस वाजवायला. मी तिकडे बसतो, बायकांत."

आणि ते खरंच जातात. खाटेच्या कडेवर टेकतात, पोरीच्या अंगावरची चादर खांद्यापर्यंत ओढतात. चादरीवर पिठाची बोटं उमटतात. बुवा वळून बघतात. गोदूताई डावा हात उचलतात. तो उचलतो.

थाप पडते. पोटात काही हलत नाही. छातीत घुमते, तिथून खांबात जाते, खांबातून रामरायाच्या पायांशी. खाटेवरची पोर कूससुद्धा बदलत नाही.

"गोदूताई, अहो गोदूताई."

मागच्या दारात शालनवहिनी उभ्या आहेत. "केव्हाची कडी वाजवतेय. आणि फरशी काय बडवत होतात झोपेत? विहिरीपर्यंत ऐकू येत होतं."

गोदूताई उठून बसतात. डावा तळहात लालबुंद झाला आहे, सुजला आहे, मूठ वळत नाही.

"बुवा विचारताहेत," वहिनी म्हणतात. "नसेल जमत तर टाळांवर भागवतो म्हणाले. लोकांचं काय, बोलायला बसलेलेच आहेत."

"त्यांना सांगा, गाण्याची पट्टी काळी दोनच ठेवा. त्याच्या वर गेले तर पखवाज चढवत बसायला माझ्यात आज जोर नाही."

"म्हणजे येताय?"

"चहा घेऊन येते."

वहिनी लगबगीने निघतात. गोदूताई मात्र तशाच बसून राहतात. तळहाताची आग उतरत नाही. तो तळहात त्या आपल्या पोटावर, टाक्यांच्या जुन्या व्रणावर ठेवतात आणि ती ऊब तिथे राहू देतात.