ब्रेकबाईंनी निवडलेलं स्टिअरिंग

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये त्यांना सगळे ब्रेकबाई म्हणायचे. खरं नाव फक्त लायसन्सवर उरलं होतं. शिकवण्याच्या गाडीत मास्तरच्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. शिकाऊ माणूस गांगरला की मास्तरने तो दाबायचा आणि जीव वाचवायचा, स्वतःचाही. एकोणीस वर्षं बाईंनी तो ब्रेक इतक्या वेळा दाबला होता, की पायाला ती खोडच लागली होती. बसमध्ये बसल्या तरी समोरचा सिग्नल लाल झाला की यांचा पाय खाली दाबला जायचा. नवरा म्हणायचा, "हिला पुढच्या सीटवर बसवू नका, पत्र्याला भोक पाडेल."

स्कूलमध्ये मास्तर दोनच. एक बाई, दुसरा सुसाट. सुसाट हे अर्थातच त्याचं टोपणनाव, आणि त्याला त्याचा अभिमान होता. कामाची वाटणी अशी की पहिले दहा दिवस बाईंचे. ज्यांनी जन्मात स्टिअरिंगला हात लावलेला नाही, ज्यांचे पाय थरथरतात, ज्यांना डावं-उजवं ऐन वेळी आठवत नाही, असे सगळे नग बाईंच्या वाट्याला. क्लच हळू सोडायचा, चाकाला गळा धरल्यासारखं धरायचं नाही, नजर बॉनेटवर नाही तर लांब ठेवायची, हे सगळं बाई घोटून घ्यायच्या. अकराव्या दिवशी तयार माल सुसाटकडे जायचा. तो त्यांना मोठ्या रस्त्यावर न्यायचा, परीक्षेला उभं करायचा, आणि पास झालेली मंडळी गाडीला टेकून फोटो काढायची ती त्याच्याबरोबर. अक्षर गिरवून घेणारी बाई कुणाच्या लक्षात राहते? बाईंना याचं वाईट वाटायचं. त्या बोलून दाखवायच्या नाहीत, पण वाटायचं.

एक दिवस मालकांनी बाईंना काचेच्या केबिनमध्ये बोलावलं आणि बसा म्हणाले. मालक बसा म्हणाले की बातमी वाईटच असायची, पण त्या दिवशी मालक खुशीत होते.

"बाई, मागच्या खोलीत एक मशीन बसवतोय. पडदा, सीट, स्टिअरिंग, पायाशी पेडल. नवी माणसं आधी त्याच्यावर हात साफ करतील. गाडीची क्लच प्लेट किती वेळा बदलायची हो?"

"चांगलं आहे की," बाई म्हणाल्या.

"खास शिकवण्याची मशिनं मिळतात, पण ती आपल्या आवाक्यातली नाहीत. ते शर्यतीचे गेम खेळणारे लोक वापरतात ना, ते स्टिअरिंग घेऊ. त्यात शंभर प्रकार आहेत. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तुम्हाला चाक कळतं. तुम्हीच निवडा. फक्त टिकाऊ पाहिजे. दिवसाला आठ-दहा जण त्याला पिळून काढणार."

एकोणीस वर्षांत मालकांनी बाईंना काही विचारलं नव्हतं. गाडी घेताना नाही, गाडीचा रंग ठरवताना नाही, एवढंच काय सुट्टीचा वारही त्यांनी परस्परच ठरवला होता. बाई केबिनमधून बाहेर आल्या त्या हवेतच.

घराखालीच नवऱ्याचं दुकान होतं. तो गाड्यांची सीटकव्हरं शिवायचा. बाईंनी उभ्या उभ्याच त्याला सगळं सांगितलं. त्याने शिवणयंत्र थांबवलं.

"मशीन आलं की दोन मास्तर कशाला लागतील?"

"नाहीच लागणार. एक जाईल."

"कोण?"

"सुसाट. दुसरं कोण? दिवसभर मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसलेला असतो. अहो, निवडायला मला सांगितलंय, त्याला नाही. ज्याला काढायचं त्यालाच कुणी असलं काम सांगतं का?"

"सांगतात की," नवरा म्हणाला. मग त्याने दाताने दोरा तोडला. "चामड्याचं असेल तर शिवण बघ. हाताला लागते तिथे शिवण असेल तर घामाने उसवते. आतल्या बाजूला असली तर टिकते."

बाईंनी एवढंच लक्षात ठेवलं, शिवणीचं. आधीचं ऐकून सोडून दिलं.

गेमच्या दुकानात बाई शिरल्या तेव्हा चष्मेवाला विक्रेता लगबगीने पुढे आला. "या काकू. मुलासाठी का?"

"नाही. वर्षाला दोन-तीनशे माणसांसाठी."

तो हसला, पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि कामाला लागल्या. पहिलं स्टिअरिंग टेबलाला रबरी वाट्यांनी चिकटवलेलं होतं. बाईंनी ते धरून उठल्यासारखं केलं, तर ते त्यांच्या हातातच आलं.

"काकू, असं ओढायचं नसतं."

"तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. शिकणाऱ्याला कोण सांगणार? सीटवरून उठताना माणूस चाकालाच लटकतो. शंभरातले नव्वद लटकतात."

दुसऱ्याच्या पोटात दातेरी चाकं होती. फिरवलं की खडखड वाजायचं. बाईंनी ते मधोमध धरून बोटाएवढं इकडे-तिकडे हलवलं. चाक हलत होतं, पण पडद्यावरची गाडी हलत नव्हती. "ही मोकळीक आजच एवढी आहे, वर्षभराने एवढी होईल," त्यांनी वीतभर अंतर दाखवलं. "लोकांना वाटेल, स्टिअरिंग असंच असतं. मग खऱ्या गाडीत बसतील आणि पहिल्याच वळणाला कुणाच्या तरी दारात शिरतील."

तिसरं पट्ट्यावर चालणारं होतं. हाताला लोण्यासारखं. बाईंना आवडलं. त्यांनी ते अर्धा तास चालू ठेवायला लावलं आणि मग पाठीवर हात ठेवला. पाठ तापली होती.

"पट्टा सुटा मिळतो का?"

"कंपनीकडे पाठवावं लागतं, काकू."

"म्हणजे मिळत नाही."

चौथं मात्र बाईंनी खाली वाकून नीट बघितलं. जड लोखंडी मोटर, आणि तिच्या दांड्यावरच थेट बसवलेलं चाक. मध्ये दाते नाहीत, पट्टा नाही, झिजायला काही नाहीच. टेबलाला चिमट्याने धरत नव्हतं, फळीला भोकं पाडून बोल्टने आवळायचं होतं. पायाशी पेडल तीन, क्लचसकट. स्वस्त पेडलमध्ये घासून चालणारे भाग असतात, त्यात धूळ गेली की ब्रेक स्वतःहून थरथरायला लागतो, हे विक्रेत्यानेच सांगितलं. यात लोहचुंबक होतं, घासणं नव्हतं. ब्रेक तर किती खाली गेला यावर नाही, पायाचा जोर किती यावर चालत होता, अगदी खऱ्या गाडीसारखा. बाईंनी चामडं उलटसुलट चाचपलं. शिवण आतल्या बाजूला होती.

पट्ट्याचं घेतलं असतं तरी मालकांनी काही म्हटलं नसतं, निवड बाईंवरच सोपवली होती. बाई त्या दोघांच्या मध्ये बराच वेळ उभ्या राहिल्या. पट्टा शिकाऊ हातांत सहा महिन्यांत ढिला पडणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. आणि खोटं कशाला सांगायचं, त्यांच्या मनात सुसाटच होता. पट्टा तुटला की मालक त्याला परत बोलावतील. एकदा गेलेला माणूस परत येता कामा नये. बाईंनी चौथ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "हे बांधा."

मशीन बसवलं तेही बाईंनीच. फळीची उंची, सीटचं अंतर, क्लच नेमका कुठे उचलतो ती जागा, चाकाचा जडपणा, सगळं त्यांनी स्कूलच्या जुन्या गाडीशी ताडून ताडून जुळवलं. दोन आठवडे त्या मागच्या खोलीतच होत्या. सुसाट एकदा डोकावला, शर्यतीची गाडी लावून एक फेरी मारली, तीनदा भिंतीवर आदळला आणि म्हणाला, "मजा आहे बाई तुमची, गेम खेळायचा पगार." बाईंना त्याची चक्क कीव आली. बिचाऱ्याला काही पत्ताच नाही, असं त्यांना वाटलं.

महिनाभरात मशीनवर पंचवीस जण बसले. एक स्क्रू ढिला झाला नाही. दहा दिवस मशीन आणि मग थेट रस्ता, तरी माणसं नीट चालवत होती. बाईंनी स्वतः केबिनमध्ये जाऊन हे मालकांना सांगितलं, वर दहा वर्षं हे हलणार नाही, असंही.

"बघतोय ना मी," मालक म्हणाले. "बसा, बाई. मीच बोलावणार होतो."

या वेळी ते खुशीत नव्हते. पेपरवेट इकडून तिकडे सरकवत होते.

"आता पहिले दहा दिवस मशीनच करतंय. रस्त्यावरचं काम मशीनला जमत नाही, ते सुसाट करतो. मग आता तुम्हाला मी काम काय देऊ, तुम्हीच सांगा."

बाईंना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्या खुर्चीत पुढे सरकल्या. "मी रस्त्यावर शिकवीन की. सुसाटच्या आधीपासून शिकवतेय मी."

"लोक त्याला मागतात हो. आणि तुमचा गुडघाही आताशा दुखतो."

"आणि मशीन बिघडलं तर?"

"तुम्हीच म्हणालात ना, दहा वर्षं हलणार नाही म्हणून?"

म्हणाल्या होत्या. याच केबिनमध्ये, छाती पुढे काढून म्हणाल्या होत्या. सुसाटसाठी खणलेला खड्डा त्यांनी स्वतःच्या मापाचा खणला होता. पहिल्या दहा दिवसांचं काम म्हणजे कुणाचं काम, हा हिशेब शेंबड्या पोरालाही कळला असता, नवऱ्याला तर दोरा तोडता तोडता कळला होता. बाईंना तेवढा कळला नाही, कारण कुणीतरी पहिल्यांदा त्यांना काहीतरी विचारलं होतं. घरी आल्यावर नवऱ्याने फक्त चहा पुढे केला. तो बोलला असता तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं.

दुसऱ्या स्कूलवाल्यांनी वय विचारलं आणि कळवतो म्हणाले. मग बाई खाली दुकानात बसायला लागल्या. जुनी कव्हरं उसवायची, धागे वेचायचे. आणि रोज सकाळी शटर वर गेलं की मनातल्या मनात त्या मशीनला म्हणायच्या, तूट एकदाचं. मोटर जळो, चुंबक निखळो, काहीही होवो. माणसाला बद्दुवा द्यायला त्या घाबरल्या असत्या, पण मशीनला काय घाबरायचं? मशीनही त्यांच्याच वळणाचं निघालं. आठ महिने त्याने हूं की चूं केलं नाही.

नवव्या महिन्यात मालकांचा फोन आला. "बाई, स्टिअरिंग हलतंय. येऊन बघता का?"

बाईंनी फोन ठेवला आणि कपाटामागून गाडी शिकवतानाचे सपाट बूट काढले. पुसले. नवरा शिवणयंत्रावरून त्यांच्याकडे बघत होता. "जा," तो म्हणाला. "पण लगेच काही धरून चालू नकोस."

"मी कुठे काय धरलंय," बाई म्हणाल्या. आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा घट्ट बांधली.

मागची खोली तशीच होती. भिंतीशी दोन खुर्च्या वाढल्या होत्या, म्हणजे धंदा वाढला होता. बाईंनी चाक मधोमध धरलं आणि बोटाएवढं हलवून बघितलं. मोकळीक शून्य. पडद्यावरची गाडी केसभर हाताबरोबर केसभर वळत होती. चामडं काळवंडलं होतं, पण शिवणीचा एक टाका सुटला नव्हता. पेडलही ठणठणीत. हलत होती ती खालची फळी, तिचे दोन बोल्ट. उठताना लटकणारे नव्वद जण. एवढंच होतं.

बाई पिशवीतला पाना घेऊन फळीखाली आडव्या झाल्या. पट्ट्याचं घेतलं असतं तर आज इथे त्या मास्तर म्हणून आल्या असत्या, हा विचार तिथे त्यांच्या अगदी उरावर येऊन बसला. आत्ताही अर्धा आटा कमी पिळला तर महिन्याभरात परत फोन येईल, हेही त्यांना सुचलं. सुचलं, आणि हात पुढे गेले. बोल्ट घट्ट आवळला, दुसरा आवळला, आणि परत सुटू नयेत म्हणून पिशवीतून आणलेले जास्तीचे दोन नट वरून पिळले. वाकडं काम करायला हाताला कधी शिकवलंच नव्हतं. त्यांना स्वतःचाच राग आला.

त्या उठतात न उठतात तोच औषधांच्या दुकानात काम करणारी एक बाई आपली वेळ झाली म्हणून सीटवर बसली. चौथा दिवस असावा. चाक घट्ट, अंगठे आत, नजर बॉनेटवर. गाडी निघाली आणि वळण चुकून सरळ भिंतीकडे धावली. मागे उभ्या असलेल्या ब्रेकबाईंचा पाय फरशीवर दाबला गेला. गच्च, गुडघ्यातून कळ येईपर्यंत. गाडी भिंतीवर आदळली. ती बाई हसली आणि तिने बटण दाबलं. गाडी पुन्हा पहिल्या जागी येऊन उभी राहिली.

"अंगठे बाहेर ठेवा," ब्रेकबाई म्हणाल्या. "आणि लांब बघा."

तिने मागे वळून त्यांच्या हातातल्या पान्याकडे बघितलं. "तुम्ही मशीन दुरुस्त करायला आलात का?"

बाईंनी हो म्हटलं. पाना पिशवीत टाकला आणि त्या बाहेर आल्या. मालक दारातच उभे होते.

"काय झालं होतं?"

"फळी ढिली होती. बाकी काही नाही."

"मग आता टिकेल ना?"

मालकांच्या खांद्यावरून बाहेरची शिकवण्याची गाडी दिसत होती. सुसाटच्या शेजारी कुणीतरी नवीन बसलं होतं.

"टिकेल," बाई म्हणाल्या.