नंबरमामाचं ‘न्हाई’

कुठंही माणसांची रांग दिसली की आमचा मामा तिच्या शेवटी जाऊन उभा राहायचा. रॉकेलची असो, एस.टी.च्या तिकिटाची असो, नाहीतर दवाखान्यात केसपेपर काढायची असो. रांग कशाची आहे हे त्यानं कधी विचारलं नाही. सरकत सरकत खिडकीपाशी पोचला की तो बाजूला व्हायचा आणि मागच्या माणसाला म्हणायचा, “घ्या तुमी. तुमचा नंबर.” मग मोठं काम उरकल्यासारखा घरी यायचा. त्याचं खरं नाव किसन. लातूरच्या आमच्या गल्लीनं त्याला नंबरमामा करून टाकलं.

तो माझ्या आईचा धाकटा भाऊ. जन्मल्यावर बराच वेळ रडलाच नाही, असं आई सांगायची. अंगानं धिप्पाड झाला, पण समज पाच-सहा वर्षांच्या लेकराएवढीच राहिली. कंधारजवळच्या आमच्या गावी आईसोबत पाठराखणीला आला आणि परत गेलाच नाही. आई वारली तेव्हा त्याचे केस पांढरे झाले होते. तेव्हाच लातूरचा नवा जिल्हा झाला, नव्या कचेऱ्या भाड्याच्या खोल्यांतून उघडत होत्या आणि मला त्यांतल्या एका कचेरीत टायपिस्टची नोकरी लागली. लग्न झालं होतं, पण माझे मालक हदगावला मास्तर होते, सुटीला यायचे. माझा भाऊ, दादा, कंधारच्या शाळेत नोकरीला; त्याच्या घरात आधीच दाटी. मी मामाला घेऊन लातूरला आले. लोक म्हणायचे, बाईमाणसाला सोबत झाली. खरंच झाली होती.

मामा सगळ्याला ‘हाव’ म्हणायचा. जेवतोस का, हाव. जेवण झालं का, हाव. पोरं गंमत म्हणून विचारायची, “मामा, तू गाढव हायस का?” तो हसून म्हणायचा, “हाव.” लहानपणी मलाही वाटायचं की मामाला नको असं काही नसतंच. आईनं एकदा समजावलं होतं, “त्याच्या तोंडाला विचारू नकोस, हाताला विचार.” नको असलं की त्याचा हात शर्टाच्या वरच्या गुंडीवर जायचा. ती लावायची, काढायची, पुन्हा लावायची. आईनं आयुष्यभर त्या गुंडीवरून त्याचं मन ओळखलं.

त्या वर्षांत पाऊस रुसलेलाच होता. विहिरींचे तळ दिसत होते. गल्लीत टँकर यायचा, पण त्याची वेळ ठरलेली नसे. घागरी, हंडे, डबे सकाळीच रस्त्याकडेला ओळीनं लागायचे आणि बायका मामाला सांगून कामाला निघून जायच्या. मामा राखण करायचा. कुणाची घागर यायची राहिली असली तर तिच्या जागी तो आपली चप्पल काढून ठेवायचा. एक चप्पल सावित्रामावशींसाठी, दुसरी म्हाताऱ्या चाचीसाठी. स्वतः तापलेल्या डांबरावर अनवाणी उभा. कितीदा सांगितलं, “मामा, चप्पल पायात असू दे, पोळतंय.” तो म्हणायचा, “हाव.”

त्याच उन्हाळ्यात त्याच्या उजव्या तळव्याला फोड आला. मी हळद लावली, पट्टी बांधली. दुखतं का विचारलं तर हाव, थांबलं का विचारलं तरी हाव. त्याला साखरेचा आजार आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. खोलीत वास यायला लागला तेव्हा मी पट्टी सोडून बघितली आणि रिक्षा बोलावली. बोटं काळी पडली होती आणि काळं वर घोट्याकडं सरकत होतं.

डॉक्टर तरुण होते, पण घाईचे नव्हते. त्यांनी मला बाहेर न नेता मामासमोरच सांगितलं, “गुडघ्याखालून पाय काढावा लागेल. लवकर.” मग खाटेवर वाकून ते मामाला म्हणाले, “मामा, पाय सडलाय. काढायचा का?”

“हाव.”

“नाही काढला तर विष अंगभर जाईल. माणूस मरतो त्यानं. तसंच राहू द्यायचं का?”

“हाव.”

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. “ताई, हे तुम्हालाच ठरवावं लागेल.”

मी मामाच्या हातांकडं बघितलं. तापानं त्याचं अंग फणफणत होतं. दोन्ही हातांनी त्यानं खाटेची दांडी घट्ट धरली होती. गुंडीकडं हात गेलाच नाही. आई असती तर तिला काहीतरी कळलं असतं. मला काही कळलं नाही.

दुपारी दादा कंधारहून आला. मामाजवळ थोडा बसला आणि मला व्हरांड्यात घेऊन गेला.

“कापू नको,” तो म्हणाला. “आपल्याला सांगितलं तर कळतं, पाय का गेला ते. त्याला काय कळंल? झोपवलं आन् उठवलं तर पाय न्हाई. त्याला वाटंल, आपल्याच माणसानं तोडला.”

“आणि न्हाई कापला तर?”

“जाईल. पर आख्खा जाईल. साठीला आलाय, शोभा.”

“दादा, परवापर्यंत त्यो हसत हुता. खात हुता. हसणाऱ्या माणसाला मरू देऊ?”

दादा हळूच म्हणाला, “तू हे त्याच्यासाठी करायलीस का तुझ्यासाठी?”

मला राग आला. मामा नसलेली खोली माझ्या डोळ्यांपुढं येत होती, हे खोटं नव्हतं.

त्या दिवशी दवाखान्याचाही टँकर आला नाही. पाण्यावाचून ऑपरेशन होईना. डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळी पाणी आलं की पहिला नंबर यांचाच, तोवर ठरवा. पलीकडच्या खाटेवर एक एस.टी.चे कंडक्टर होते, उदगीरकडचे. अपघातात त्यांचा पाय गेला होता, जखम भरत आली होती. आमचं बोलणं त्यांच्या कानावर गेलंच असणार. ते म्हणाले, “बाई, त्यांना माझ्याकडं आणा. सांगण्यापेक्षा दाखवलेलं बरं.”

दादानं आणि मी मामाला धरून त्यांच्या खाटेवर बसवलं. कंडक्टरांनी धोतर सारून उरलेला पाय पुढं केला. मामा बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं त्यावर तळहात ठेवला, पोटरी जिथं असायला हवी होती तिथं चादरीवर चाचपलं आणि विचारलं, “कुठं ठिवला?”

“गेला, मामा. खराब झाल्ता.”

“दुखतंय?”

“आधी लई दुखलं. आता न्हाई.”

मामाचा हात तिथंच राहिला. शांत होता, गुंडीकडं गेला नाही. मी दादाकडं बघितलं. त्यानं मान फिरवली. मी तेच मामाचं उत्तर धरलं. ते खरंच उत्तर होतं का, की मला हवं ते मी त्या हातात वाचलं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. सकाळी पाणी आलं आणि मी सही केली.

शुद्धीवर आल्यावर मामानं चादर उचलून बघितलं. पुन्हा झाकली. पुन्हा उचलली. “शोबे, पाय?”

“खराब झाल्ता, मामा. काढला. त्या कंडक्टरचा काढला तसा.”

त्यानं कंडक्टरकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि भिंतीकडं तोंड केलं. त्यानंतर माझ्या हातचा घास त्यानं घेतला नाही. आणि ज्यानं कापायला विरोध केला तो दादाच शाळेतून रजा काढून राहिला, भाकरी दुधात कुस्करून भरवत राहिला. मला तो एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

घरी आल्यावरही मामाचा अबोला होता. एका सकाळी मी नेहमीसारखं विचारलं, “मामा, चहा घेतोस का?” आणि उत्तराची वाट न बघता कप भरायला लागले.

“न्हाई.”

माझा हात थांबला. त्याच्या तोंडून हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. मागं वळून बघितलं. तो सरळ माझ्याकडं बघत होता, हात मांडीवर.

“न्हाई?” मी विचारलं.

“न्हाई,” तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, “मग घेतो.”

मी चुलीपाशी जाऊन रडले. वाईट वाटलं म्हणून की बरं वाटलं म्हणून, तेव्हाही सांगता आलं नसतं. त्या दिवसापासून मामा न्हाई म्हणायला लागला. आंघोळीला न्हाई, कडू गोळीला न्हाई, गंमत करणाऱ्या पोरांनाही न्हाई. टँकर आला तेव्हा गल्लीतल्या बायकांनी प्रेमानं त्याच्यासाठी रांगेत खुर्ची मांडली. त्यानं तिच्याकडं बघून मान हलवली. “बसून नंबर लागत न्हाई.” कुबड्यांवर त्याला फार वेळ उभं राहता येत नसे. तो दारातूनच रांग बघायचा. तेव्हा मला दादाचा प्रश्न आठवायचा.

पण दिवस गेले तसा तो माझ्याशी बोलायला लागला. मला मुलगा झाला, त्याला मांडीवर घेऊन मामा तासन्‌तास बसायचा. हसायचाही. ती वर्षं मिळाली, हे खरं.

मग डाव्या पायाचा अंगठा काळा पडला.

डॉक्टर तेच होते, आता त्यांच्या कानशिलावर पांढरे केस दिसत होते. ते घरी आले, पाय बघितला, छातीला नळी लावली. म्हणाले, “या वेळी मांडीतून काढावा लागेल. हृदय कमजोर झालंय. टेबलावर काहीही होऊ शकतं. वाचलेही तर अंथरुणातच.”

दादा आला होता. या वेळी तोच म्हणाला, “घेऊन जाऊ. गेल्या टायमाला मी नको म्हणत हुतो, तरी वाचला का न्हाई? आता हातपाय गाळून कसं चालंल?”

“त्याला विचारू,” मी म्हणाले.

“त्याला?”

मी मामाजवळ जमिनीवर बसले. कुणी घाई करू नका, असं सगळ्यांना म्हटलं. मी म्हणाले, “मामा, ह्या पायाला तसंच झालंय. दवाखान्यात नेऊन कापला तर कदाचित जगशील. न्हाई कापला तर मरशील.”

तो पायाकडं बघत राहिला. मग म्हणाला, “न्हाई.”

मी आणखी जवळ सरकले. “काय न्हाई, मामा? कापायचं न्हाई, का मरायचं न्हाई?”

दादा काही म्हणणार होता, डॉक्टरांनी हातानं त्याला थांबवलं. मामानं खांद्यावरचा टॉवेल काढला, वाकून पायावर पांघरला, कडा चारी बाजूंनी खाली खोचल्या, थंडीत लेकराच्या खोचाव्यात तशा. मग म्हणाला, “दवाखाना न्हाई. हितंच.”

डॉक्टर पुढं झाले. “मामा, दवाखान्यात जायचं का?”

“न्हाई.”

“घरीच राहायचं?”

“हाव.”

“घरी राहिलात तर मराल. मग जायचं का?”

“न्हाई.”

डॉक्टर उठले. “त्या वेळी मी तुम्हाला ठरवायला लावलं होतं, ताई. या वेळी पेशंटनं सांगितलंय.” त्यांनी दुखणं कमी करायची औषधं दिली आणि जमेल तसं येऊन बघत राहिले.

ते दिवस सोपे गेले असं मी म्हणणार नाही. औषध पुरायचं नाही तेव्हा मामा कण्हायचा. एकदा त्यानं उशी दातांत धरली. दादा उठून उभा राहिला, “अजून टाइम हाय. मी जीप आणतो.” माझंही मन ढळलं. मी मामाचा चेहरा हातांत धरून पुन्हा विचारलं. घामानं भिजलेल्या त्या तोंडातून तेच आलं, “न्हाई.” दादा खाली बसला. तो भिंतीला टेकून रडत होता आणि मी मामाचं कपाळ पुसत होते. दादाला जीप आणू द्यायची नाही, एवढंच मला त्या वेळी करता येण्यासारखं होतं आणि त्याहून अवघड मी काही केलेलं नाही.

मामा एका दुपारी गेला. दादानं चमच्यानं भाताची पेज पाजली, दोन घोट घेऊन मामानं तोंड मिटलं. “बास?” दादानं विचारलं. मामानं डोळ्यांनीच हो म्हटलं. त्यानंतर दादानं आग्रह केला नाही. चमचा वाटीत ठेवून तो त्याचा हात धरून बसला.

मामासाठी पुण्यानुमोदनाची वंदना झाली, त्या दिवशी सगळे पांगल्यावर आम्ही बहीण-भाऊ अंगणात बसलो होतो. दादा म्हणाला, “गेल्या टायमाला तू बराबर हुतीस का मी?”

“मला कळत न्हाई, दादा.”

“त्याला इचारायला पायजे हुतं. तेवढी वर्षं जगून बरं वाटलं का म्हणून.”

“इचारलं असतं तर काय म्हनला असता?”

“आता कसं सांगावं?” तो म्हणाला. “पयलं सांगता आलं असतं. हाव म्हनला असता.”